व्यसन, गुन्हेगारी आणि आपली वस्ती : एक अभ्यासपाठ



दर रविवारी सायंकाळी वंदनेनंतर विहारात जो अभ्यासवर्ग भरतो, त्यात गेल्या वर्षी आम्ही एकच विषय सलग सहा रविवार घेतला. विषय होता व्यसन, त्यातून फोफावणारी गुन्हेगारी आणि ती रोखण्यासाठी वस्तीने करावयाचे प्रयत्न. त्या वर्गाचे टिपण स्मरणिकेसाठी लिहून द्यावे, असा कार्यकारिणीचा आग्रह झाला. भाषण नको, पाठ हवा, असेही सांगण्यात आले. म्हणून जे वर्गात बोलले गेले तेच येथे थोडे नीटनेटके करून देत आहोत. जेथे आमचे चुकले, तेथे ते चुकले असेच लिहिले आहे.

आपणास विदित आहेच की, पंचशीलातील पाचवे शील मद्य व मादक पदार्थांपासून अलिप्त राहण्याविषयी आहे. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूर येथे परमपूज्य बाबासाहेबांनी दिलेल्या बावीस प्रतिज्ञांतही दारू न पिण्याची प्रतिज्ञा आहे. मग हा विषय पुन्हा शिकविण्याचे प्रयोजन काय? प्रयोजन असे की, शील आपण सर्वजण मिळून म्हणतो. ते पाळायचे मात्र ज्याचे त्याने एकट्याने, अशी वाटणी आपण नकळत करून टाकली आहे. ज्याला पाळणे जमले नाही, तो वाईट ठरला आणि आपण मोकळे झालो. या पाठाचा सारा रोख या वाटणीवर आहे.

पहिल्या रविवारी आम्ही विद्यार्थ्यांना कोऱ्या चिठ्ठ्या दिल्या आणि नाव न घालता एवढेच लिहावयास सांगितले की, तुम्हांला आपल्या वस्तीत भीती कशाची वाटते? आमची अपेक्षा होती की मुले गर्दुल्ल्यांविषयी, मोबाईल हिसकावणाऱ्यांविषयी लिहितील. तसे काहींनी लिहिलेही. सार्वजनिक शौचालयाच्या मागील अंधार, पाण्याच्या टाकीच्या पायऱ्यांवर बसणारी टोळकी, पाण्याच्या मीटरच्या व तांब्याच्या तारेच्या चोऱ्या, हे सर्व त्यांत होते. परंतु बहुतेक चिठ्ठ्यांत भीती घराच्या आतली होती. बाप रात्री पिऊन येतो, आईला मारतो, परीक्षेच्या आदल्या रात्री दिवा फोडतो. एका चिठ्ठीवर फक्त ‘पगाराचा दिवस’ एवढे दोनच शब्द होते. ती चिठ्ठी वाचल्यावर वर्गात बराच वेळ कोणी बोलले नाही.

येथे पहिली दुरुस्ती झाली. आपण ‘नशा’ म्हटले की गर्द, चरस, गांजा आणि हल्लीची एमडी यांचा विचार करतो, आणि ‘गुन्हा’ म्हटले की रस्त्यावरच्या चोराचा. नवी दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेने केंद्र शासनासाठी केलेली देशव्यापी पाहणी २०१९ साली प्रसिद्ध झाली. तीनुसार १० ते ७५ वयोगटातील १४.६ टक्के, म्हणजे सुमारे १६ कोटी लोक दारू पितात, आणि त्यांपैकी सुमारे ५ कोटी ७० लाख लोकांचे पिणे मदत लागण्याइतके हानिकारक आहे. अफूपासून होणाऱ्या पदार्थांचे, ज्यांत गर्द येते, सेवन करणारे २ कोटी २६ लाख. गर्दही थोडे नाही, पण दारूपुढे ते लहान आहे. त्याच पाहणीतील आणखी दोन गोष्टी विद्यार्थ्यांनी वहीत लिहून घ्याव्यात. पहिली, नाकाने हुंगण्याचे पदार्थ, म्हणजे पंक्चरचे सोल्यूशन, थिनर इत्यादी, मोठ्यांपेक्षा लहान मुलांत अधिक आढळतात : मोठ्यांत अर्ध्या टक्क्याच्या आसपास, तर मुलांत १.१७ टक्के. दुसरी, दारूच्या पूर्ण आहारी गेलेल्या ३८ जणांपैकी केवळ एकालाच काही उपचार मिळतो.

म्हणजे ३७ जण उपचाराविना आपल्या घरी, आपल्या गल्लीत असतात.

हे आले कोठून?

वर्गातील वयस्क सभासदांनी या प्रश्नावर पुष्कळ सांगितले आणि त्यांचे ऐकणे आम्हांस पुस्तकापेक्षा उपयोगी वाटले. मुंबई प्रांतात १९४९ साली दारूबंदीचा कायदा झाला. पिणारे थांबले नाहीत. काळा गूळ आणि नवसागर यांची हातभट्टी खाडीकाठच्या झोपड्यांत लागली, आणि ट्यूबमध्ये भरलेली दारू वाहून नेण्यास वस्तीतली पोरे मिळाली. कायद्याने चोरटा केलेला हा धंदा पुढे टोळ्यांच्या हाती गेला. त्याचे मोल आजही फेडावे लागते. जून २०१५ मध्ये मुंबईच्या मालवणी भागात मिथेनॉल मिसळलेली दारू पिऊन शंभरावर माणसे मेली. ती सगळी गरिबांच्या घरची होती, हे वेगळे सांगावयास नको.

गर्दाची कथा निराळी. १९८०च्या सुमारास अफगाणिस्तान व इराणकडील उलथापालथीनंतर तेथील अफूचा माल या बाजूला वाहू लागला आणि मुंबईच्या गल्ल्यांत पन्नीवर ओढावयाची भुकटी, ब्राऊन शुगर, आली. नेमक्या त्याच काळात, १८ जानेवारी १९८२ रोजी, गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात होते आणि त्यांतले पुष्कळ पुन्हा कधी कामावर गेलेच नाहीत. बापाच्या हातचे काम गेले, मुलाचे शिक्षण थांबले, आणि कोपऱ्यावर नवी वस्तू आली. एकाच कारणाने सर्व झाले, असे आम्ही म्हणणार नाही. परंतु ज्या चाळीतून हे तिन्ही एकदम घडले, तेथील सभासद आजही सांगतात की, भुकटी विकणारा पहिला माणूस परका नव्हता, शेजारचाच होता.

अनिल अवचट यांनी त्या काळी ‘गर्द’ या विषयावर लिहिले आणि लिहून न थांबता, डॉ. अनिता अवचट यांच्यासह २९ ऑगस्ट १९८६ रोजी पुण्यात मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र सुरू केले. पु. ल. देशपांडे व सुनीताबाई यांचे त्यास साहाय्य होते. तेथे ३५ दिवस राहून उपचार घ्यावयाचे असतात, आणि व्यसनी माणसाच्या पत्नीसाठी निराळा गट चालतो. हा दुसरा भाग आम्हांस महत्त्वाचा वाटतो. आजार एकाचा असला तरी त्याने घर पडते, हे त्यांनी ओळखले.

सुत्तांत काय सांगितले आहे

दीघनिकायात कूटदन्त सुत्त आहे. त्यात महाविजित नावाच्या राजाची कथा येते. राजाला मोठा यज्ञ करावयाचा होता. त्याचा पुरोहित त्याला म्हणतो की, राज्यात चोर-दरोडेखोर माजले आहेत. त्यांना ठार मारून, बांधून, हद्दपार करून ते संपतील असे समजू नये, कारण जे उरतील ते पुन्हा छळतील. उपाय असा की, शेती व पशुपालन करणाऱ्यास बी-बियाणे व चारा द्यावा, व्यापार करू इच्छिणाऱ्यास भांडवल द्यावे, चाकरी करणाऱ्यास अन्न व वेतन द्यावे. राजा तसे करतो, लोक आपापल्या कामास लागतात आणि दारे उघडी टाकून राहू लागतात. त्याच निकायातील चक्कवत्ति-सीहनाद सुत्तात हाच विचार उलट बाजूने आहे : राजाने निर्धनांना धन दिले नाही, म्हणून दारिद्र्य वाढले, दारिद्र्यातून चोरी, चोरीतून शस्त्रे, शस्त्रांतून हत्या. अडीच हजार वर्षांपूर्वी गुन्ह्याच्या मुळाशी पोटाचा प्रश्न पाहिला गेला, ही साधी गोष्ट नव्हे.

सिगालोवाद सुत्तात मद्यपानाचे सहा तोटे मोजले आहेत : धननाश, भांडणे, रोग, बदनामी, लाज सुटणे आणि बुद्धी क्षीण होणे. पुरातन काळच्या या यादीत आमच्या चिठ्ठ्यांतले जवळजवळ सर्व सापडते. एका विद्यार्थ्याने शंका काढली की, यात बायकोला मारणे कोठे आहे? ‘भांडणे’ या शब्दात ते येते, असे उत्तर आम्ही दिले, पण ते आमचे आम्हांसच अपुरे वाटले. भांडण दोघांचे असते. मार एकीला बसतो.

अंगुलिमालाची कथा सर्वांना ठाऊक असते, पण अर्धीच. तो भिक्खू झाला, येथे आपण थांबतो. मज्झिमनिकायातील सुत्तात पुढे आहे. पसेनदी राजा पाचशे घोडेस्वार घेऊन त्याला पकडावयास निघालेला असतो. तथागतांजवळ त्याला शांत बसलेला पाहून राजा त्याला चीवर व इतर वस्तू देऊ करतो. म्हणजे सत्तेने त्याला स्वीकारले. पण तो भिक्षेस गावात गेला तेव्हा लोकांनी ढेकळे, काठ्या, दगड मारले, डोके फुटले, पात्र फुटले, संघाटी फाटली. राजाने सोडले, गल्लीने सोडले नाही. वर्गात ही कथा सांगताना आम्हांस जो मुलगा आठवला, त्याच्याविषयी पुढे लिहावे लागणार आहे.

आमच्या चुका

सात-आठ वर्षांपूर्वी संस्थेच्या तरुणांनी ‘नशामुक्त वस्ती’ अशी मोहीम काढली. उत्साह मोठा होता, विचार थोडा. टाकीवर बसणाऱ्या एका पोराला धरून विजेच्या खांबाला बांधले व चोपले. दुसऱ्या दिवशी टाकी मोकळी दिसली आणि सर्वांनी एकमेकांची पाठ थोपटली. फळ काय मिळाले? ते पोर पुन्हा विहाराच्या वाटेला आले नाही. त्याची आई, जी दर पौर्णिमेस खीर करून आणत असे, तीही यावयाची बंद झाली. आणि पुड्या विकणाऱ्याच्या केसालाही धक्का लागला नाही, कारण त्याला हात लावण्याची आमच्यात कोणाची छाती नव्हती. मारले ते आजाऱ्याला, सोडले ते विक्रेत्याला. कायद्याच्या दृष्टीने तर बांधून मारणारे आमचेच कार्यकर्ते गुन्हेगार होते.

दुसरी चूक त्याहून घातक होण्याजोगी होती. एका दारूच्या रोग्याला घरच्यांनी आमच्याच सल्ल्याने खोलीत कोंडून ‘सोडवण्याचा’ प्रयत्न केला. तिसऱ्या दिवशी त्याला झटके आले, भास होऊ लागले. नशिबाने रिक्षा वेळेवर मिळाली. तेव्हा डॉक्टरांनी जे समजावले ते प्रत्येक सभासदाने लक्षात ठेवावे. वर्षानुवर्षे रोज भरपूर पिणाऱ्याची दारू एकदम तोडली, तर दोन-तीन दिवसांत फिट्स व भ्रम होऊन जीव जाऊ शकतो. त्याला औषधांच्या आधाराने, डॉक्टरांच्या देखरेखीखालीच सोडवावे लागते. गर्दाची गोष्ट वेगळी : शेवटच्या पुडीनंतर आठ-बारा तासांत जांभया, नाक गळणे, हाडे दुखणे, जुलाब सुरू होतात, ज्याला ओढणारे ‘टर्की’ म्हणतात. दोन-तीन दिवस ती जोरात असते व आठवडाभरात उतरते. ती यातनामय असते, पण सहसा मारत नाही. गर्दात मारणारी गोष्ट पुढे आहे.

उपचार घेऊन काही आठवडे दूर राहिलेल्याच्या शरीराची सहनशक्ती उतरलेली असते. तो घसरला आणि त्याने जुन्या सवयीचीच मात्रा घेतली, तर श्वास मंदावून थांबतो. म्हणून उपचारानंतरचे पहिले काही महिने सर्वांत धोक्याचे. घरच्यांना वाटते आता सुटला. वास्तविक पाहता पहारा तेव्हाच हवा. आणि पहारा म्हणजे संशय नव्हे.

आमच्या एका जुन्या सभासदाचा मुलगा. नाव लिहीत नाही. वस्तीत सर्वांना ठाऊक आहे. गर्द ओढत होता, आईची भांडी विकली, बहिणीच्या शिलाई मशीनची मोटर विकली. शेवटी स्वतःच म्हणाला, मला कोठेतरी नेऊन टाका. उपचार घेऊन आला, अंगाने भरला होता, दाढी केलेली होती. संस्थेने जयंतीच्या कार्यक्रमात त्याचा सत्कार केला, शाल दिली. त्यानंतर तो काम मागत हिंडला. आमच्यापैकी ज्यांची दुकाने आहेत, ज्यांना वायरिंगची, रंगकामाची कामे मिळतात, त्या प्रत्येकाकडे तो गेला. कोणी नाही म्हणाले नाही. पुढच्या महिन्यात बघू, म्हणाले. एका लग्नात पाकीट हरवले. कोणी काही बोलले नाही, पण सर्वांच्या माना त्याच्याकडे वळल्या. पाकीट दुसऱ्या दिवशी गादीखाली सापडले. त्याची क्षमा कोणी मागितली नाही, आम्हीही नाही. पुढे तीन आठवड्यांनी तो सार्वजनिक शौचालयात मृतावस्थेत आढळला. डॉक्टरांनी सांगितले ते वर लिहिलेच आहे.

त्याचे वडील आजही वंदनेला येतात. मागच्या रांगेत बसतात.

इतरांनी काय केले

या घटनेनंतर आम्ही इतर ठिकाणचे प्रयोग अभ्यासले. गडचिरोली जिल्ह्यात १९८०च्या दशकाच्या उत्तरार्धात डॉ. अभय बंग व डॉ. राणी बंग, इतर कार्यकर्ते आणि मुख्यतः गावोगावच्या बायका यांनी दारूमुक्तीची चळवळ उभारली. आधी गावांनी आपापल्या सीमेत दारू बंद केली आणि मग १९९३ मध्ये शासनाने जिल्ह्यात दारूबंदी केली. तरी चोरटी दारू उरलीच, म्हणून २०१६ पासून तेथे ‘मुक्तिपथ’ हा कार्यक्रम सुरू झाला. जनजागृती, गावाची संघटना, कायद्याची अंमलबजावणी व उपचार असे त्याचे चार भाग आहेत. शेजारच्या चंद्रपूर जिल्ह्यात १ एप्रिल २०१५ पासून बंदी आली आणि २०२१ मध्ये शासनाने ती उठवली. चोरटी दारू व त्यातली गुन्हेगारी वाढली, असे कारण देण्यात आले. चंद्रपूरच्या बायकांनीही मोर्चे काढले होते, पदयात्रा केल्या होत्या, हे विसरता येत नाही. आमचे मत असे की, गॅझेटातली बंदी गल्लीतल्या संघटनेच्या खांद्यावर उभी राहते. खांदा नसला की ती पडते आणि पडताना दलालाला श्रीमंत करून जाते. यावर वर्गात मतभेद झाले व ते मिटले नाहीत.

आपल्या राज्यात आणखी एक वाट आहे, जिला बायका ‘बाटली आडवी करणे’ म्हणतात. २००८च्या शासकीय आदेशानुसार गावातील वा प्रभागातील २५ टक्के महिलांनी किंवा एकूण मतदारांनी मागणी केली, तर परवानाधारक दुकान बंद करण्यासाठी गुप्त मतदान घेतले जाते, आणि निम्म्याहून अधिक मतदार बंदच्या बाजूने असले तर दुकान बंद होते. मतपत्रिकेवर उभी बाटली व आडवी बाटली अशी चित्रे असत. सह्या पडताळताना बरेच अर्ज गळतात, तेव्हा मतदारयादीतील नाव व अनुक्रमांक जुळवून मगच सही घ्यावी.

गुन्हेगारीविषयी भिवंडीचे उदाहरण घेतले. तेथे १९७० आणि १९८४ साली भीषण दंगली झाल्या होत्या. १९८८ नंतर तेथील पोलीस उपायुक्त सुरेश खोपडे यांनी मोहल्ला समित्या स्थापिल्या. पुढाऱ्यांना नव्हे, तर दोन्ही समाजांतील साध्या माणसांना त्यांत घेतले, आणि पोलिसांनी त्यांच्याबरोबर नेमाने बसावे अशी रीत पाडली. डिसेंबर १९९२ व जानेवारी १९९३ मध्ये मुंबई पेटली तेव्हा भिवंडी शांत राहिली. विषय दंगलीचा असला तरी धडा आपल्याही कामाचा आहे : पोलिसाची ओळख गुन्हा घडल्यावर नव्हे, आधी व्हावी लागते. आमच्या वस्तीला पोलीस म्हटले की आजही पोटात गोळा येतो, आणि त्याला कारणेही आहेत. म्हणूनच एकट्याने चौकीवर जाऊ नये, पाच जणांनी लेखी अर्ज घेऊन जावे व पोच घ्यावी.

फार दूरचे उदाहरण आइसलँडचे. देश श्रीमंत, लोकसंख्या आपल्या एखाद्या मोठ्या तालुक्याएवढी. १९९८ मध्ये तेथील पंधरा-सोळा वर्षांच्या मुलांपैकी ४२ टक्क्यांनी मागच्या महिन्यात दारूची नशा केल्याचे सांगितले होते. २०१६ मध्ये ते प्रमाण ५ टक्क्यांवर आले. त्यांनी मुलांना खेळ, संगीत, नृत्य यांचे वर्ग दिले व त्यासाठी पालिकेने पैसे दिले. ते आपल्याला आज जमणारे नाही. परंतु दुसरी गोष्ट फुकटची आहे : आई-बापांनी गट करून शुक्रवार-शनिवारी रात्री वस्तीत फेऱ्या मारल्या. कोणाला पकडावयास नव्हे. मोठी माणसे रस्त्यावर आहेत, एवढे मुलांना दिसावे म्हणून.

ही फेरी आम्ही उचलली. चार माता आणि महापालिकेतून निवृत्त झालेले दोन सभासद रात्री साडेनऊ ते साडेदहा वस्तीतून फिरतात. हातात काठी नाही, बॅटरी आहे. पोरे दिसली की, ‘काय रे, जेवलास का?’ एवढेच विचारायचे, असे ठरले. शौचालयामागचा दिवा सहा अर्जांनंतर लागला. अभ्यासिका अकरा वाजेपर्यंत उघडी ठेवली. टाकीवरची टोळकी हलली, हे खरे. पण पलीकडच्या वस्तीतील एक मावशी फेरीत येऊन रागाने म्हणाल्या, ‘ताई, तुमची घाण तुम्ही आमच्या दारात ढकलली.’ त्यांचे म्हणणे खरे होते. आता त्यांच्या वस्तीतील तीन बायका फेरीत आहेत. त्यातल्या दोघी आपल्या समाजाच्या नाहीत, आणि त्यामुळे काही अडत नाही.

कायदा थोडक्यात

अमली पदार्थांचा मुख्य कायदा १९८५चा, १४ नोव्हेंबर १९८५ पासून लागू. २००१च्या दुरुस्तीनंतर शिक्षा मालाच्या वजनावर ठरते : गर्द ५ ग्रॅमपर्यंत अल्प, २५० ग्रॅमपासून व्यापारी मात्रा, गांजा १ किलोपर्यंत अल्प, २० किलोपासून व्यापारी. व्यापारी मात्रेस दहा ते वीस वर्षे सक्तमजुरी आहे. मेफेड्रोन म्हणजे एमडी २०१५ पासून या कायद्यात आहे, त्यामुळे ‘ती काही ड्रग नाही, पावडर आहे’ असे सांगणाऱ्यावर पोरांनी विश्वास ठेवू नये. घरच्यांनी मात्र कलम ६४-अ ध्यानात ठेवावे. सेवनाचा किंवा अल्प मात्रेचा आरोप असलेला व्यसनी स्वतःहून शासकीय वा मान्यताप्राप्त केंद्रात उपचार घेऊ लागला, तर त्याच्यावर खटला चालत नाही; उपचार अर्धवट टाकले तर ही सवलत जाऊ शकते. मुलांना दारू वा अमली पदार्थ देणाऱ्यास, तसेच मुलांकरवी ते विकणाऱ्यास, २०१५च्या बाल न्याय कायद्याने सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी व एक लाखापर्यंत दंड आहे. शाळेपासून शंभर यार्डांच्या आत तंबाखूजन्य पदार्थ विकता येत नाहीत. आमच्या शाळेसमोरची टपरी हे वाचून होईपर्यंत तरी तेथेच आहे.

शेवटच्या रविवारी दहावीतल्या एका विद्यार्थिनीने उभे राहून विचारले की, मागच्या स्मरणिकेत पूर्ण पान जाहिरात कोणाची होती? ती एका परमिट रूमची होती. जयंतीच्या वर्गणीच्या यादीतही मटक्याच्या अड्डेवाल्याचे नाव वरच्या पाचांत असते, हेही तिने सांगितले. व्यासपीठावरील आम्ही सर्व खाली पाहू लागलो. कार्यकारिणीत यावर दोन बैठका गाजल्या. याच पैशातून वह्यावाटप होते, असे एका बाजूचे म्हणणे होते आणि त्यात तथ्य होते. शेवटी थोड्या मताधिक्याने असे पैसे न घेण्याचे ठरले. वाचकांना ही स्मरणिका हाताला पातळ लागेल, त्याचे कारण हेच. वह्यांसाठी कमी पडलेली रक्कम सभासदांनी दरमहा भरून काढावी असे ठरले होते. ती अद्याप पूर्ण झालेली नाही.

उपचार घेऊन आलेल्यासाठी आता एवढी व्यवस्था आहे : संस्थेचा एक सभासद त्याला पहिल्याच आठवड्यात हाताखाली कामास घेतो, मजुरी रोजची रोज हातात न देता आठवड्याची त्याच्या आईकडे किंवा पत्नीकडे, त्याच्याच संमतीने, देतो आणि पाठपुराव्याच्या बैठकीच्या दिवशी सुट्टी देतो. सत्कार करत नाही, शाल देत नाही. आतापर्यंत दोघे आले. एक टिकून आहे. दुसरा दोनदा घसरला. आता पुन्हा उपचारात आहे, आणि त्याची जागा कामावर राखून ठेवली आहे. गर्दाच्या रोग्यांसाठी काही शासकीय केंद्रांत जिभेखाली ठेवावयाची गोळी रोज दिली जाते. ‘एक नशा सोडून दुसरी’ असे म्हणून तिची चेष्टा करू नये, तीही औषधच आहे.

विद्यार्थ्यांनी पुढील क्रमांक पाठ करावेत : व्यसनमुक्तीसाठी राष्ट्रीय मदतवाणी १४४४६, मानसिक आधारासाठी टेलिमानस १४४१६, अमली पदार्थांच्या विक्रीची माहिती देण्यासाठी १९३३, संकटातील मुलांसाठी १०९८ आणि तातडीच्या मदतीसाठी ११२. विहाराच्या फळ्यावर, दरवाजाच्या डाव्या हाताला, ते मोठ्या अक्षरांत लिहून ठेवले आहेत. फेरी मंगळवार सोडून रोज रात्री साडेनऊला तेथूनच निघते.